जिओथर्मल, दगडफूल आणि सोलापुरी काळा मसाला

पानदेठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी धाकटी बहीण संगमेश्वर तालुक्यात दिलीय. तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडं तिच्या सासरपासून फार लांब नाहीत. २०२५ मध्ये केंद्राचं भूऔष्णिक ऊर्जेचं (जिओथर्मल, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर वीज काढायचं) धोरण जाहीर झालं, तेव्हापासून तिच्या दिरांनी एकच धोशा लावलाय: उद्या इथे बोअर मारून वीज काढायला आले तर आमच्या आंबा-काजूचं काय? परवा तिचा फोन. "ताई, तू लॅबमध्ये पानं तपासतेस ना, मग हवा-पाणी बिघडलं तर झाडावरून कळतं का गं?"

कळतं. माझं पोटच त्यावर चालतं. इथल्या द्राक्षवाल्यांना नव्याने सांगायला नको. खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी काडीच्या बुडाकडून पाचव्या पानाचं देठ तोडायचं आणि कागदी पाकिटात घालून आमच्याकडे आणायचं. (प्लास्टिकच्या पिशवीत नका हो आणू. देठांना घाम सुटतो, पोचेपर्यंत अर्धी कुजतात. वर्षाला शंभरदा सांगते.) माती तपासली की जमिनीत काय आहे ते कळतं. देठ तपासलं की झाडाने त्यातलं खरंच काय उचललं ते कळतं. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तर कधी कधी एकाच शेतातले वाटत नाहीत.

मागच्या हंगामात नान्नजकडचे एक बागायतदार पानं घेऊन आले. जुन्या पानांच्या कडा विझलेल्या विडीच्या टोकासारख्या जळालेल्या, त्याच्या आत पिवळी किनार, मधला भाग हिरवागार. त्यांना वाटलं पालाश (पोटॅश) कमी पडलं. निघालं बोरॉन, गरजेच्या कितीतरी वर. फुलगळ नको म्हणून बोरॅक्स (बोरॉनचाच क्षार) दोनदा फवारलं होतं आणि वर एकदा ड्रिपमधून सोडलं होतं. बोरॉन पाण्याबरोबर पानाच्या कडेपर्यंत जातो, पाणी उडून जातं, हा तिथेच बसतो. म्हणून आधी कडा जळते.

हाच बोरॉन जमिनीखालच्या गरम पाण्यात असतो, म्हणून मला हा विषय परका वाटत नाही. त्याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड, आर्सेनिक, पारा, अमोनिया. कुठे काय आणि किती, ते खालच्या खडकावर ठरतं. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ साली असल्या वाफेवर पाच दिवे पेटवले, १९१३ मध्ये वीजकेंद्र उभं राहिलं. त्याच्या आधी ऐंशी-नव्वद वर्षं तिथे त्या पाण्यातून बोरिक ॲसिड काढायचा धंदा चालू होता.

त्याच तोस्काना प्रांतात शास्त्रज्ञ वीजकेंद्रांच्या आसपास झाडांच्या खोडांवरचं दगडफूल खरवडून तपासतात. हो, आपल्या काळ्या मसाल्यात पडतं त्याच कुळातलं. ते म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. मुळं नाहीत, पानासारखं मेणाचं कवच नाही. जे मिळेल ते हवेतून आणि पावसातून, आणि मिळालेलं वर्षानुवर्षं अंगात राहतं. १८६६ मध्ये नीलांदर नावाच्या शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये पाहिलं, की लक्झेंबर्ग बागेत जे दगडफूल आहे ते शहरात इतरत्र दिसत नाही. तिथून ही विद्या सुरू झाली असं मानतात. वाफेच्या केंद्रापासून लांब जावं तसा दगडफुलातला पारा उतरत जातो, असं इटलीत दिसलंय.

तर प्रश्न असा: कोकणात असं काही करायचं झालं तर कशावर लक्ष ठेवायचं? झाडं, मासे, किडे, काहीही सुचवा.

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ९.५८

ताई, सोलापुरात बसून कोकणातल्या वाफेची काळजी करूलालाव की. आपल्याकडं मे महिन्यात वरनंच एवढं तापतंय, खालनं कशाला पायजे? आणि थर्मल तर आपल्याकडं होटगीला हायच की.

होटगी_लाईन | सोमवार, रात्री १०.३०

भाकरी, ते थर्मल वेगळं. ते कोळशावर चालतं, ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. जिओथर्मलमध्ये कोळसा नाही, राख नाही, चिमणी नाही. नावात साम्य आहे म्हणून लोक दोन्हीला एकाच मापाने मोजतात आणि मग चर्चेचा विचका होतो.

पानदेठताई, मी तीस वर्षं वीजनिर्मितीत काढली, कुठे ते राहू द्या. दोन गोष्टी खटकल्या.

पहिली. हायड्रोजन सल्फाइड मोजायला यंत्र मिळतं, ते मिनिटामिनिटाला आकडा देतं. तुमचं दगडफूल सहा महिन्यांनी सांगणार की सहा महिन्यांपूर्वी वास येत होता. तोवर माणूस आडवा झालेला असेल. या वायूचं आणखी एक आहे, जास्त झाला की नाकच मरतं आणि वास येईनासा होतो. तिथे यंत्राला पर्याय नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. कोकणातल्या कुंडांचं पाणी साधारण ४० ते ७० अंशांचं. त्यावर लार्देरेल्लोसारखी वाफेची टर्बाईन फिरत नाही. अलास्कात चेना नावाच्या ठिकाणी ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज काढतात, पण ती वेगळ्या पद्धतीने. गरम पाणी एका बंद नळीतून फिरतं, शेजारच्या नळीतला लवकर उकळणारा द्रव तापवतं, टर्बाईन तो द्रव फिरवतो, आणि पाणी पुन्हा जमिनीत सोडतात. बाहेर वाफ येतच नाही. मग दगडफूल काय मोजणार, कपाळ?

पानदेठ | सोमवार, रात्री ११.१५

काका, दुसरा मुद्दा एकदम मान्य. मी इटलीचं वाचून हवेच्याच मागे लागले होते. कोकणात धोका असलाच तर पाण्याचा. परत जमिनीत सोडायचं पाणी सोडलंच नाही, वहाळात (ओढ्यात) दिलं, किंवा बोअर घेतानाच फुटलं तर. लडाखमध्ये पुगाच्या खोऱ्यात ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकाम चालू असताना आतलं पाणी उसळलं आणि ओढ्यात गेलं. ४४०० मीटर उंचीवरची जागा, आसपासच्या पाणथळींत काळ्या मानेचे क्रौंच येतात. आणि पुगा तर बोरॅक्ससाठी जुन्या काळापासून ठाऊक असलेलं ठिकाण, म्हणजे त्या पाण्यात काय असणार ते ओघानेच आलं.

तुर्कस्तानातही तेच. किझिलदेरेचं केंद्र १९८४ चं. तिथलं बोरॉनवालं पाणी ब्युयुक मेंदेरेस नदीत जायचं आणि खाली त्याच नदीवर शेती. अंजीर, द्राक्ष, लिंबू ही पिकं बोरॉनला फार हळवी. पाण्यात लिटरला अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की कडा जळायला लागतात.

पहिला मुद्दा मात्र अर्धाच मान्य. यंत्र कंपनीच्या गेटवर बसणार आणि आकडा कंपनीच्या कॉम्प्युटरवर दिसणार. दिराच्या बागेतल्या काजूला कुणी यंत्र लावणार नाही. काजू तिथेच उभा आहे, चोवीस तास, बिनपगारी.

सांगोलेकर_हॅमिल्टन | मंगळवार, सकाळी ६.०५

मूळचा सांगोल्याचा, सध्या न्यूझीलंडात. आमच्या गावातून वाइकाटो नदी जाते. वर वैराकेईचं जिओथर्मल केंद्र आहे, १९५८ सालचं. त्याचं वापरलेलं पाणी वर्षानुवर्षं या नदीत जात आलंय. नदीत आर्सेनिक आहे, थोडं नैसर्गिक, थोडं या केंद्राचं. आम्ही नदीचंच पाणी पितो, पण शुद्धीकरणात आर्सेनिक काढून टाकतात.

इथली मजा म्हणजे नदीतल्या पाणवनस्पती. हॉर्नवर्ट नावाची शेपटीसारखी वनस्पती असते, आपल्याकडे माशांच्या टाकीत टाकतात ती. ती पाण्यातलं आर्सेनिक शोषून साठवते. पाण्यात मोजायला नाजूक यंत्र लागतं, हिच्या अंगात ते ढिगाने सापडतं. वॉटरक्रेस म्हणून ओढ्याकाठची पालेभाजी मिळते, माओरी लोक आवडीने खातात. तिच्यातही आर्सेनिक येतं म्हणून या नदीकाठची खाऊ नका म्हणतात. म्हणजे तीच साक्षीदार आणि तीच ताटात.

रोटोरुआला, म्हणजे इथल्या गरम झऱ्यांच्या गावी गेलो होतो तेव्हा तिथल्या हायड्रोजन सल्फाइडने बायकोची जोडवी दोन दिवसांत काळी पडली. चांदी हा पण एक मॉनिटरच म्हणायचा. झाड नाही, प्राणी नाही, पण दोन दिवसांत निकाल.

भीमाकाठची | मंगळवार, दुपारी १.२०

प्राणीशास्त्र शिकवते, मधल्या सुट्टीत लिहितेय.

पूर्वी ब्रिटनच्या कोळसा खाणीत कॅनरी पक्षी न्यायचे, ते १९८६ पर्यंत चाललं. आता जास्त गंमतीचं: पोलंडमध्ये वॉर्सा शहराच्या पाणीपुरवठ्यावर आठ शिंपले पहारा देतात. प्रत्येकाच्या शिंपीला चिमुकलं चुंबक लावलंय. पाणी चांगलं तर शिंपला उघडा राहून पाणी गाळत बसतो. काही बिघडलं की मिटतो, आणि बरेच एकदम मिटले की घंटा वाजते. होटगी काका, हे तुमच्या यंत्राइतकंच तत्पर आहे. भीमेतही शिंपले आहेत, उन्हाळ्यात पात्र आटलं की रिकाम्या शिंपल्या पायाखाली कुरकुरतात.

पण कुठलाही जीव धरून चालत नाही. उजनी धरणातली चिलापी मासळी घ्या. गढूळ, शेवाळलेलं, कसलंही पाणी तिला चालतं. ज्याला सगळंच चालतं तो साक्षीला उपयोगाचा नाही. जलपर्णीचंही तसंच, घाण झाली की ती उलट फोफावते. तिच्यातले धातू मोजता येतील, पण ती हिरवीगार दिसते म्हणून पाणी बरं असं समजू नये. तळाच्या चिखलात लाल अळ्या असतात बघा, त्यांना चिखल उपसला की मुलं किंचाळतात. त्या कमी ऑक्सिजनमध्येही तगतात. पण चिखलात जड धातू असले तर त्यांच्या तोंडाचे दात वाकडे येतात, सूक्ष्मदर्शकाखाली चक्क मोजता येतात. कोकणातल्या वहाळात मी आधी त्या शोधीन.

कडक_भाकरी | मंगळवार, दुपारी १.३२

मॅडम, आपला माळढोक ठेवू की पहाऱ्याला!

भीमाकाठची | मंगळवार, दुपारी १.४१

तो दिसायला तर हवा ना बाळा. साक्षीदार नेहमी सामान्य, जागोजागी सापडणारा, जागा न सोडणारा हवा. म्हणून मासा सुद्धा दुय्यमच, तो पोहून निघून जातो.

अक्कलकोट_वेस | मंगळवार, रात्री ८.१०

आमचा पिढीजात धंदा सूत रंगवायचा, आता बंद केला. अंगणातल्या हौदात मलेरियावाल्यांनी दिलेले गप्पी मासे होते. एका सकाळी सगळे पोट वर करून तरंगताना दिसले. शेजारी एक नवा कारखाना आला होता, त्याचं पाणी आमच्या बोअरला लागलं असा आमचा समज. तक्रार केली. समोरचा म्हणाला, तुम्ही स्वतःच रंगाचा धंदा करता, कशावरून तुमच्याच रंगाने मेले नाहीत? तोंड बंद. आधीच्या महिन्याची पाण्याची एक बाटली जरी भरून ठेवली असती तर बोलायला जागा होती. मासे मेले हे खरं, पण कशाने मेले ते मेलेला मासा सांगत नाही.

पानदेठ | मंगळवार, रात्री १०.००

मामा, तुम्ही नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत.

इटलीत मोंते अमियाता नावाचा डोंगर आहे. तिथे जिओथर्मल केंद्रं आहेत, आणि त्याच डोंगरात पाऱ्याच्या जुन्या खाणी. खाणी १९८० च्या सुमारास थांबल्या, पण ढिगारे तिथेच. आता तिथल्या दगडफुलात पारा सापडला तर तो वाफेचा की खाणीचा? जमीनच पाऱ्याची असल्यावर केंद्र म्हणणार हा आमचा नव्हे, गाव म्हणणार तुमचाच. तिथल्या लोकांनी अंतरं मोजून, दिशा बघून, पुन्हा पुन्हा नमुने घेऊन हे कोडं सोडवायला घेतलं. पण केंद्र येण्याआधीचं दगडफूल कुणी जपून ठेवलं असतं तर निम्मे वाद झालेच नसते.

कोकणातही तीच गत होणार. कुंडं हजारो वर्षं वाहताहेत. त्यांच्या काठच्या झाडांत आणि गवतात काय काय आधीपासूनच असेल. आज मोजलं नाही तर दहा वर्षांनी मोजून उपयोग शून्य. म्हणून बहिणीला मी सांगितलं ते एवढंच: कुंडाजवळची, बागेतली आणि गावाच्या पलीकडच्या एखाद्या लांबच्या बागेतली आंबा-काजूची पानं आत्ता तोडायची. एकाच वयाची, एकाच उंचीवरची. वहाळातली एखादी पाणवनस्पती, दरवर्षी तीच. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायची, वर तारीख, झाडाची खूण, वारा कुठून येतो ते पेन्सिलीने. शाई ओल्यात पसरते. तपासायचे पैसे आज नसले तरी चालेल, वाळलेलं पान डब्यात वर्षानुवर्षं टिकतं. तिने विचारलं, "बोअर आलंच नाही तर?" मग पाकिटं चुलीत घाल, म्हटलं.

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री १०.२५

ताई, एक आयडिया. सोलापुरात खोडांवर दगडफूल उगवत नाय. मग दुकानातनं ५० ग्रॅम आणून पोटली करून होटगी रोडला लिंबाला टांगली तर?

पानदेठ | मंगळवार, रात्री ११.०५

हसण्यावारी नेऊ नका, ही अगदी रूढ पद्धत आहे. स्वच्छ जागेचं शेवाळ किंवा दगडफूल आणून जाळीच्या पिशवीत दोन-तीन महिने टांगतात. आणि आश्चर्य म्हणजे मेलेलं शेवाळसुद्धा धातू धरतं, बऱ्याचदा मुद्दाम वाळवून मारूनच वापरतात.

आईच्या मसाल्याच्या डब्यातला एक तुकडा आत्ता तळहातावर घेऊन बसलेय. वरून राखाडी, उलटवला तर काळाकुट्ट, कडा फ्रिल लावल्यासारख्या. पाण्याचा थेंब टाकला तर अर्ध्या मिनिटात मऊ झाला आणि वरच्या राखाडीत फिकट हिरवी झाक आली. असा पिणारा जीव, म्हणूनच तो जे पितो ते दिसतं.

आणि उगवत नाही असं नाही. शहरातल्या जुन्या लिंबांच्या, आंब्यांच्या खोडावर पांढुरके-राखाडी गोल डाग बघा, रुपयाएवढे, झाडालाच चिकटलेले. त्यात पिक्सिन कोकोस नावाची एक जात असते, शहरी हवेला दाद न देणारी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने तिच्यावर प्रदूषणाची बरीच कामं केलीत. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्याकडे मोठं दगडफूल नाही ते हवा घाण म्हणून असेलच असं नाही, आपल्याकडे ओलच नाही.

दुकानाच्या दगडफुलाची अडचण अशी की ते कुठल्या डोंगरावरून, कुठल्या रस्त्याच्या कडेने आलं ते दुकानदारालाही माहीत नसतं. त्याच्यात आधीच शिसं असेल. म्हणून त्याच पुडीतलं अर्धं टांगायचं, अर्धं घट्ट झाकणाच्या डब्यात घरी ठेवायचं. शेवटी दोन्ही तपासायची, फरक तेवढाच आपला.

होटगी_लाईन | बुधवार, सकाळी ७.१५

आता पटतंय. एक भर घालतो. आइसलँडमध्ये हेलिशेइदीचं केंद्र २००६ मध्ये सुरू झालं, आणि आसपासच्या लाव्हावरचं शेवाळ करपलेलं लोकांच्या डोळ्यांना दिसलं. राजधानी रेकयाविकपर्यंत वास जायचा. पुढे त्यांनी तो हायड्रोजन सल्फाइड पाण्यात विरघळवून खालच्या बेसाल्टमध्ये परत सोडायला सुरुवात केली. तिथे त्याचं खनिज होतं, गंधकाचं पायराइट. बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. कोकणातही खाली तोच. तेव्हा नुसतं मोजू नका, हे करता येतं हेही दिराला सांगा.

आणि नमुने घेताना समोरच्या पक्षालाही उभं करा. पाकिटावर दोघांची सही. नाहीतर वेसवाल्या मामांसारखं होईल.

अक्कलकोट_वेस | बुधवार, सकाळी ७.४०

सही हा मुद्दा लाखमोलाचा. तेव्हा कुणी सांगितला असता तर.

पानदेठ | शुक्रवार, रात्री ९.०५

बहिणीने अकरा पाकिटं केली. पंचायतीतल्या एका सदस्याची सही पण घेतली, तो म्हणे दहा मिनिटं हसत होता. वहाळातली वनस्पती कुठली ते कळेना म्हणून फोटो पाठवलाय. भीमाकाठची मॅडम, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

कडक_भाकरी | पुढचा गुरुवार, रात्री ९.३०

मंडळी, रिपोर्ट. दोन पोटल्या टांगल्या, एक होटगी रोडला, एक आमच्या गच्चीवर. दोन्ही अजून जागेवर हायत. पण घरी ठेवलेला डबा उघडला तर रिकामा. आईनं काळ्या मसाल्यात घातलं. म्हणाली, "चांगलं वासाचं होतं, वाया कशाला घालवायचं?"

पानदेठ | पुढचा गुरुवार, रात्री ९.३६

सगळं??

कडक_भाकरी | पुढचा गुरुवार, रात्री ९.३८

सगळं. पोटल्या उतरवू का?

भीमाकाठची | पुढचा गुरुवार, रात्री ९.५०

उतरव. नवी पुडी आण, आणि या वेळी डब्यावर "उंदराचं औषध" असं लिही.